दिवे लागल्यानंतर: श्रद्धा, न्याय आणि चर्चेसाठीचे माहितीपट

आनंद पटवर्धन यांच्या ‘राम के नाम’ या माहितीपटात दोन दृश्यं आहेत. एकात अयोध्येकडे निघालेल्या कारसेवकांना विचारलं जातं, राम नेमका कधी जन्मला? उत्तर देताना ते अडखळतात. दुसऱ्या दृश्यात वादग्रस्त वास्तूतल्या रामलल्लाचे, न्यायालयाने नेमलेले पुजारी लालदास बोलतात. रोज रामाची पूजा करणारा हा माणूस संथ, समजावणीच्या सुरात सांगतो की मंदिराच्या नावाने चाललेला सगळा मामला सत्तेचा आणि पैशाचा आहे, भक्तीशी त्याचं नातं नाही. हे चित्रीकरण १९९० मधलं. माहितीपट पुरा झाला, लोकांसमोर आला, आणि १९९२ च्या ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये लालदास यांचा खून झाला. गटात बसून हा माहितीपट पाहिला तर पहिल्या दृश्याला हशा पिकतो आणि दुसऱ्याला खोली शांत होते. हसणारा स्वतःला त्या कारसेवकापेक्षा शहाणा समजून मोकळा होतो, आणि जो त्या कारसेवकाच्या जागी स्वतःला पाहतो तो दुखावून गप्प बसतो. दोघांचीही चर्चा तिथेच आटोपलेली असते. लालदास मात्र कोणालाच असं सोडत नाहीत. देव न मानणाऱ्याला प्रश्न पडतो, या माणसाचं धैर्य त्याच्या श्रद्धेतूनच आलं का? आणि भक्ताला प्रश्न पडतो, पुजारीच असं म्हणत असेल तर माझ्या भक्तीचा कारभार कोणाच्या हातात गेला?

सामाजिक न्याय आणि श्रद्धा या विषयावर गटचर्चेसाठी माहितीपट निवडायचे म्हटलं की याद्या विषयवार बनतात. जातीवर एक, दंगलींवर एक, स्त्रियांवर एक, आणि सर्वधर्मसमभावावर एखादा गोड शेवटाचा. गेल्या चाळीस वर्षांत भारतात झालेलं या क्षेत्रातलं मोजकं पण मोलाचं काम एकत्र ठेवून पाहिलं तर या वाटणीचा फारसा उपयोग होत नाही, असं माझं मत आहे. विषय काय आहे यापेक्षा त्यातला झगडा कुठे चालला आहे हे पाहिलं पाहिजे. काही माहितीपट श्रद्धेच्या बाहेर उभे राहून तिच्यावर आरोपपत्र ठेवतात. काही श्रद्धेच्या आत शिरतात आणि तिथे चाललेली ओढाताण दाखवतात: माणूस आपल्याच देवाशी, आपल्याच पंथाशी, आपल्याच जमातीशी न्यायासाठी भांडतो ती. आरोपपत्राची गरज असतेच. पुरावा गोळा करणं, खोटं उघडं पाडणं ही कामं कोणीतरी केलीच पाहिजेत. पण वेगवेगळ्या मतांची वीस-पंचवीस माणसं एका खोलीत बसून एकमेकांशी बोलावीत असं वाटत असेल तर दुसऱ्या प्रकारचे माहितीपट अधिक काम करतात. आरोपपत्रापुढे माणूस एकतर फिर्यादी होतो किंवा आरोपी. ओढाताणीपुढे तो स्वतःच्या घरातलं भांडण ओळखतो.

महाराष्ट्राला हा भेद नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. पाच वर्षं माणसं देवळाच्या दाराशी उभी राहिली. दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. एक वाट त्या घरातून बाहेर पडण्याची, दुसरी त्याच घराचं दार उघडण्याची. दोन्ही न्यायाच्याच वाटा, आणि दोन्हींच्या मुळाशी श्रद्धेचा प्रश्न आहे, कारण बाबासाहेब धर्म टाकून मोकळे झाले नाहीत. १९५६ मध्ये नागपूरला त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ‘श्रद्धा विरुद्ध न्याय’ अशी मांडणी करणाऱ्या चर्चेला हा इतिहासच खोटं ठरवतो. चर्चेची पद्धतही आपल्याकडे बाहेरून यायला नको होती. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्तीच असे. बाबा विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून बाबा पुढचा प्रश्न काढत, आणि शेवटी ऐकणारा स्वतःच्याच तोंडून नवस, पशुबळी, कर्ज काढून केलेली कार्यं यांच्याविरुद्ध बोलून गेलेला असे. हातात खराटा, तोंडी देवाचं नाव, आणि देवाच्या नावावर चाललेल्या लुटीवर कोरडे. माहितीपटानंतरची चर्चा कशी असावी याचा याहून चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही.

मराठीत या चित्रप्रकाराला दोन शब्द आहेत. ‘माहितीपट’ हा रुळलेला आणि ‘अनुबोधपट’ हा मागे पडलेला. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली, आणि पुढची कित्येक दशकं मुख्य सिनेमाआधी तिची रिळं दाखवणं चित्रपटगृहांना बंधनकारक होतं. धरणं, पीकपाणी, कुटुंबनियोजन. माहितीपट म्हणजे वरून खाली दिलेली माहिती, ही सवय प्रेक्षकाला तिथे लागली. सरकारी निवेदकाचा तो आवाज गेला, पण त्याची जागा पुष्कळदा दिग्दर्शकाच्या ठाम आवाजाने घेतली. चर्चेसाठी हवा तो अनुबोधपट, ज्यात बोध आधी होत नाही, पाहून झाल्यावर मागाहून होतो.

या कसोटीवर मला सर्वांत वरचं स्थान द्यावंसं वाटतं ते शबनम विरमणी यांच्या कबीर-मालिकेला. गुजरातमधल्या २००२ च्या हिंसाचारानंतर त्यांनी कबिराच्या शोधात प्रवास सुरू केला आणि त्यातून चार माहितीपट झाले: ‘हद-अनहद’, ‘चलो हमारा देस’, ‘कोई सुनता है’ आणि ‘कबिरा खडा बजार में’. मराठी रसिकाला ‘कोई सुनता है’ जवळचा वाटेल, कारण त्यात कुमार गंधर्व आहेत. देवासला आजारपणात पडल्या पडल्या माळव्याची लोकगाणी ऐकणारे आणि पुढे निर्गुणी भजनांना वेगळाच आवाज देणारे कुमारजी. पण चर्चेसाठी निवडायचा तो ‘कबिरा खडा बजार में’. त्याच माळव्यातल्या लुनियाखेडी गावचे प्रल्हादसिंह टिपानिया हे त्याचे नायक. व्यवसायाने शिक्षक, दलित समाजातले, तंबुरा आणि खडतालावर कबीर गाणारे. एकीकडे ‘एकलव्य’सारखी संस्था आहे. तिने १९९० च्या दशकात देवासला भजनमंडळ्यांना एकत्र आणून ‘कबीर भजन एवं विचार मंच’ चालवला होता. तिला कबीर हवा आहे तो जात आणि कर्मकांडावर आघात करणारा. दुसरीकडे कबीरपंथ आहे. त्याला कबीर हवा आहे तो गादीवरचा, पूजेतला. टिपानिया दोन्हींकडचे. ते पंथाची महंतकी घेतात, चौका-आरतीचा विधी करू लागतात, आणि मग आयुष्यभर जो कबीर गायला त्याच्या शब्दांशी हा विधी जुळतो का, हा प्रश्न जवळची माणसं विचारतात आणि तेही स्वतःला विचारू लागतात.

हा माहितीपट इतका उपयोगी का, ते नीट पाहण्यासारखं आहे. इथे कोणी खलनायक नाही. पंथाकडे वळणाऱ्या दलित गायकाला तिथे जो मान मिळतो, ज्या आसनावर बसायला मिळतं, ते गावाने पिढ्यान्पिढ्या नाकारलेलं असतं. त्यामुळे ‘कर्मकांड वाईट’ एवढं म्हणून सुशिक्षित प्रेक्षकाला सुटता येत नाही. तो विधी त्या माणसासाठी प्रतिष्ठेचाही प्रश्न आहे. उलट, प्रतिष्ठा मिळते म्हणून भेट-दक्षिणेच्या आणि उच्चनीचतेच्या उतरंडीचा नवा डोलारा मान्य करायचा का, हा प्रश्नही तितकाच खरा. वारकरी घरातल्या माणसापुढे हा माहितीपट ठेवला तर त्याला आपली दिंडी आठवणारच. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदवलं आहे की एकाच दिंडीत एकत्र चालणाऱ्या, एकत्र अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका जेवायला मात्र वेगळ्या बसत. ‘भेदाभेद’ नाकारणाऱ्या संप्रदायाच्या वाटेवरची ती पंगत आणि माळव्यातली ती चौका-आरती शेजारी शेजारी ठेवावी. दोन तासांची चर्चा कमी पडेल.

दीपा धनराज यांचा ‘इन्व्होकिंग जस्टिस’ (२०११) याच वळणाचा. तमिळनाडूत मुसलमानांचे कौटुंबिक तंटे सोडवणाऱ्या जमाती, म्हणजे समाजाच्या पंचायती, पूर्णतः पुरुषांच्या. बाईचा तलाक, पोटगी, मारहाण यांचा निवाडा होतो आणि तिला आत बसायलाही मिळत नाही. शरीफा खानम यांनी पुढाकार घेऊन २००४ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र जमात उभी केली. माहितीपट या बायकांच्या मागोमाग फिरतो. त्या पोलीस ठाण्यात जातात, पुरुषांच्या जमातीशी हुज्जत घालतात, आणि त्यांचा युक्तिवाद धर्माच्या आतला असतो: कुराणाने जे दिलं ते तुम्ही का नाकारता? मराठी प्रेक्षकाने हा माहितीपट हमीद दलवाई यांच्या आठवणीसह पाहावा. दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांची भूमिका धर्मग्रंथाच्या आधाराची नव्हती, समान नागरिकत्वाची होती. ज्योती सुभाष यांनी दलवाईंवर माहितीपट केला आहे. दोन्ही लागोपाठ दाखवले तर प्रश्न आपोआप समोर येतो की धर्माच्या आतून मिळवलेला न्याय टिकाऊ की बाहेरून, कायद्याने मिळवलेला? माझा कल दलवाईंकडे आहे. पण ज्या बाईला उद्या सकाळी घरातून बाहेर काढलं जाणार आहे तिच्यासाठी आज रात्री कोण बसतं, या प्रश्नाला धनराज यांच्या माहितीपटातल्या बायका जे उत्तर देतात ते मला खोडून काढता येत नाही.

स्टॅलिन के. यांचा ‘इंडिया अनटच्ड’ (२००७) बहुतेक याद्यांत पहिला असतो. त्याचं बळ व्याप्तीत आहे. अनेक राज्यांत फिरून तो दाखवतो की अस्पृश्यता गेली हा समज खोटा आहे, आणि ती एकाच धर्माची मक्तेदारी नाही. पंजाबात दलित शिखांचे वेगळे गुरुद्वारे, केरळात दलित ख्रिस्ती माणसांची वेगळी चर्चं, मुसलमानांतही जातीची उतरंड. चर्चेत हमखास येणारं ‘आमच्या धर्मात असं नाही’ हे वाक्य तो पहिल्या तासातच काढून घेतो. त्याची मर्यादाही व्याप्तीतच आहे. एवढी गावं, एवढी माणसं येतात की एकाही माणसाशी ओळख होत नाही, आणि शेवटी प्रेक्षक सुन्न होतो. सुन्न माणूस बोलत नाही. हा माहितीपट वापरायचा तर एकेका समाजाचा तुकडा घेऊन, सोबत एखादी ठोस कायदेशीर बाब ठेवून वापरावा. उदाहरणार्थ १९५० चा अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश. त्यात सुरुवातीला मुख्यतः हिंदूंनाच स्थान होतं. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान आजही बाहेर आहेत. धर्म बदलला तर जात जाते, असं कायदा धरून चालतो. जात जात नाही, असं माहितीपट दाखवतो. चर्चेला यापेक्षा नेमकी सुरुवात कोणती हवी?

पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा मात्र मराठी समाजाने पुन्हा पुन्हा पाहावा असा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला. संतापलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धन यांच्याच ‘हमारा शहर’मध्ये हेच घोगरे गाताना दिसले होते. ते डाव्या चळवळीचे शाहीर, वर्गाची भाषा बोलणारे. जाताना त्यांनी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. ती पट्टी हा या सुमारे तीन तासांच्या, चौदा वर्षं चित्रित होत राहिलेल्या माहितीपटाचा गाभा आहे. लाल झेंड्याखाली आयुष्य काढलेला माणूस शेवटच्या क्षणी निळ्याकडे का वळला? ती अस्मिता होती, श्रद्धा होती, की एवढ्या वर्षांत चळवळीने जातीकडे केलेल्या दुर्लक्षाला दिलेलं उत्तर होतं? पटवर्धन स्वतः डावे असूनही हा प्रश्न मिटवून टाकत नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट. याच माहितीपटात बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, ६ डिसेंबरला, शिवाजी पार्कला येणाऱ्या गर्दीबद्दल सुस्थित लोक जे बोलतात ते ऐकवत नाही: घाण, फुकट प्रवास. गटात हे दृश्य दाखवताना थांबावं. पांढरपेशा मराठी घरांच्या दिवाणखान्यात हेच शब्द वापरले गेले आहेत, आणि ते पडद्यावर ऐकू आल्यावर कोणाच्या माना खाली जातात ते चर्चेआधीच कळतं.

त्या गर्दीला आतून पाहायचं तर सोमनाथ वाघमारे यांचा ‘चैत्यभूमी’ पाहावा. इथे कॅमेरा गर्दीतल्याच माणसाचा आहे. पुस्तकांचे ठेले, गाणी, रांगा, दूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबं; बाहेरच्याला जिथे घाण दिसते तिथे आतल्याला वाचनसंस्कृती दिसते. व्यक्तिपूजेला कडाडून विरोध करणाऱ्या बाबासाहेबांच्या स्मारकापुढे लाखो माणसं नतमस्तक होतात, याला काय म्हणायचं हा प्रश्न बाहेरचे लोक अनेकदा खोचकपणे विचारतात. दोन्ही माहितीपट जोडीने पाहिले की तो खोचकपणा गळून पडतो आणि खरा प्रश्न उरतो: ज्या माणसाने माणूसपण परत मिळवून दिलं त्याच्यापुढे वाकणं आणि मूर्तीपुढे वाकणं यांत अंतर किती, आणि ते अंतर कोण ठरवणार? ते ठरवण्याचा पहिला हक्क रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा आहे.

इथेच एक जुना आणि रास्त आक्षेप येतो. दलितांचं, मुसलमानांचं, सफाई कामगारांचं दुःख चित्रित करणारे हात बहुधा वरच्या जातींचे, शहरी, इंग्रजी बोलणारे असतात. त्यांच्या माहितीपटांत सोसणारी शरीरं दिसतात, विचार करणारी डोकी कमी दिसतात. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. वाघमारे किंवा आंबेडकरांवरच्या माहितीपटाच्या दिग्दर्शिका ज्योती निशा यांच्यासारख्यांचं काम यादीत आधी यायला हवं, ‘इतर’ म्हणून शेवटी नको. मात्र यावरून जुनं काम टाकून द्यावं असं ठरत नाही. गट चालवणाऱ्याने माहितीपटाबद्दल बोलताना कॅमेरा कोणाचा आहे हेही सांगावं, आणि ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्यातलं कोणी खोलीत असेल तर पहिलं बोलणं त्यांचं असावं. त्यांना बोलायचं नसेल तर त्यांच्या वतीने बोलण्याची घाई कोणी करू नये.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: हे सगळे माहितीपट एकांगी आहेत, एकाच विचाराचे लोक ते करतात, आणि त्यांत श्रद्धावंताची खिल्ली उडवली जाते. यात थोडं तथ्य आहे. कारसेवकांच्या दृश्याबद्दल मी वर लिहिलंच आहे. पण या परंपरेत विरोधी बाजूला सावकाश, न अडवता ऐकून घेणारे माहितीपटही आहेत, आणि ते कमी दाखवले जातात. ललित वाचानी यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या नागपूरच्या एका शाखेतल्या मुलांवर ‘द बॉय इन द ब्रँच’ (१९९३) केला. मुलं खेळतात, गातात, शिस्त शिकतात. निवेदक त्यांना दोष देत नाही. कैक वर्षांनी वाचानी पुन्हा नागपूरला गेले आणि पहिल्या माहितीपटातल्या माणसांना भेटून ‘द मेन इन द ट्री’ (२००२) केला. निशा पाहुजा यांच्या ‘द वर्ल्ड बिफोर हर’मध्ये (२०१२) दुर्गा वाहिनीच्या शिबिरातली तरुण प्रशिक्षक आणि सौंदर्यस्पर्धेची तयारी करणारी मुलगी एकमेकींच्या शेजारी येतात, आणि दोघींनाही ठरावीक साच्यात घडवणारी यंत्रणा दिसते. हे माहितीपट पाहणाऱ्या संघाच्या स्वयंसेवकाला आपल्याला फसवलं असं वाटत नाही, आणि संघाच्या विरोधकाला तिथे जाणारी मुलं माणसं म्हणून दिसतात. एकांगीपणा मतावरून मोजू नये. ज्याच्या विरुद्ध मत आहे त्याला पुरेसं बोलू दिलं का, यावरून मोजावा. राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ (२००४) गुजरातच्या हिंसाचाराविरुद्ध ठाम उभा आहे, पण गोध्र्याला रेल्वेच्या डब्यात जळून मेलेल्यांच्या घरीही तो जातो.

एकांगी ठरवून माहितीपट अडवण्याचा खेळ मात्र सरकारांनी मनापासून खेळला आहे, आणि पक्ष कोणताही असो. चित्रपट आधी तपासण्याचा अधिकार घटनेला धरून आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७० चा मूलभूत निवाडा एका माहितीपटाच्याच प्रकरणात झाला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘चार शहर एक कहानी’साठी केलेल्या याचिकेत. ‘फायनल सोल्यूशन’ला सेन्सॉर बोर्डाने आधी प्रमाणपत्र नाकारलं, तेव्हा शर्मांनी त्याच्या सीडी वाटल्या आणि घेणाऱ्यांना त्यांच्या प्रती काढून पुढे द्यायला सांगितलं. मुंबईच्या २००४ च्या सरकारी माहितीपट महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा प्रयत्न झाला. त्याच्या विरोधातून दिग्दर्शकांनी ‘विकल्प’ उभं केलं आणि समांतर महोत्सव भरवला. २०१९ मध्ये पटवर्धन यांचा ‘विवेक’ केरळच्या महोत्सवात दाखवायला केंद्राने सूट दिली नाही. उच्च न्यायालयाने ती मिळवून दिली. नरेंद्र दाभोलकर, गोविंद पानसरे, एम. एम. कलबुर्गी, गौरी लंकेश यांच्या हत्यांभोवतीचा हा माहितीपट सुमारे चार तासांचा आहे. त्यातला दाभोलकरांचा भाग मराठी गटासाठी वेगळा काढून दाखवण्याजोगा आहे, कारण देवधर्म मानण्याचा हक्क मान्य करून त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला विरोध करण्याची त्यांची भूमिका बहुतेकांनी ऐकीवच घेतलेली असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त छळतो. हे माहितीपट पाहायला येतात ते आधीच पटलेले लोक. तीच पन्नास माणसं, तेच सभागृह, तेच उसासे. हे खरं आहे, पण हा दोष माहितीपटाचा कमी आणि जागेचा जास्त. ‘जय भीम कॉम्रेड’ मुंबईत पहिल्यांदा दाखवला गेला तो जानेवारी २०१२ मध्ये बीआयटी चाळीच्या आवारात, ज्यांची ती गोष्ट आहे त्या लोकांमध्ये. गोरखपूरला २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रतिरोध का सिनेमा’ या उपक्रमाने कंपन्यांचा किंवा मोठ्या संस्थांचा पैसा न घेता, प्रेक्षकांच्या वर्गणीवर ठिकठिकाणच्या शहरांत महोत्सव भरवले. आणि अंजली मोंतेरो व के. पी. जयशंकर यांचा ‘नाता’ (२००३) तर याच प्रश्नाबद्दल आहे. धारावीत १९९२-९३ च्या दंगलीनंतर मोहल्ल्यात शांततेचं काम करणारे भाऊ कोरडे आणि वकार खान हे दोन मित्र त्यात आहेत. चार धर्मांच्या पोशाखातल्या चार मुलांचं ‘हम सब एक हैं’ हे भिंतीभिंतींवर दिसलेलं पोस्टर वकार खान यांचंच. पोस्टर भाबडं आहे असं म्हणता येईल. पण कोरडे आणि खान त्या भाबडेपणावर थांबत नाहीत. गल्लीत जातात, माणसं गोळा करतात, बोलायला लावतात. आणि दिग्दर्शक जोडपं आपल्या स्वतःच्या घरातली धर्म आणि भाषांची सरमिसळही त्याच माहितीपटात विणतं, म्हणजे प्रश्न फक्त धारावीचा राहत नाही.

माहितीपटाने बदल होतो का, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर मोजून दाखवता येत नाही. ‘राम के नाम’ ६ डिसेंबर १९९२ च्या आधी तयार होता. दूरदर्शनने तो दाखवला नाही. न्यायालयाच्या पायऱ्या चढून तो दूरदर्शनच्या पडद्यावर यायला १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. वेळेवर दाखवला असता तर मशीद वाचली असती, असं मी म्हणणार नाही. पण अयोध्येच्याच एका पुजाऱ्याचं म्हणणं कोट्यवधी रामभक्तांच्या कानांवर पडायचं राहून गेलं, हे नुकसान खरं आहे.

चर्चा घडवणाऱ्यांना दोनच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तीन-चार तासांचा माहितीपट एका बैठकीत संपवू नये. पाऊण तासाचा भाग आणि तासभर बोलणं, असं तीन-चार आठवडे करावं. कबीर भजन मंचाच्या मंडळ्याही दर महिन्याला ठरलेल्या दिवशी जमत, गात आणि मग बोलत. नेमाने जमल्यानेच तिथे जातीबद्दल मोकळं बोलणं शक्य झालं. आणि दिवे लागल्यावर ‘तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारू नये. त्या प्रश्नाला सभ्य उत्तरं येतात. ‘यातल्या कोणाच्या जागी तुम्ही होता?’ असं विचारावं आणि मग थांबावं, कितीही वेळ लागला तरी.

गावचं सार्वजनिक वाचनालय, गणेशोत्सव मंडळ, बुद्धविहार, महिला बचत गट, वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमधला युवकांचा गट, दुबई-लंडनचं महाराष्ट्र मंडळ: यातल्या कोणालाही हे करता येईल. लागतो तो एक प्रोजेक्टर, एक पांढरी भिंत, आणि वेगळ्या मताच्या चार माणसांना आग्रहाने आणून बसवण्याची तयारी. ‘राम के नाम’ला सेन्सॉर बोर्डाचं ‘यू’ प्रमाणपत्र आहे. तो कोणालाही, कुठेही दाखवता येतो.